चातकाच्या पिल्लाला आफ्रिकेची वाट कोण दाखवते?

पन्हाळापायथा:
आमचे शेत पन्हाळ्याच्या पायथ्याशी आहे. गेल्या श्रावणात बांधावरच्या बोरीत सातभाईंचा थवा एका परक्या पिल्लाला भरवत होता. काळपट पाठ आणि डोक्यावरचा बारीक तुरा यांवरून ते चातकाचे असल्याची खात्री पटली. दिवाळीपर्यंत ते दिसेनासे झाले. आपल्याकडे पावसाबरोबर येणारे चातक आफ्रिकेतून येतात आणि तिकडेच परततात, असे वाचले आहे. परंतु ज्याने आपले आईबाप कधी पाहिले नाहीत आणि ज्याला वाढवणारे सातभाई जन्मभर शिवार सोडत नाहीत, त्या पिल्लाला समुद्रापलीकडची वाट कळते कशी?

रंकाळाकाठ:
चातकावर असा प्रयोग झाल्याचे माझ्या वाचनात नाही, मात्र इतर पक्ष्यांवरील प्रयोगांतून उत्तराची दिशा मिळते. पर्डेक या डच शास्त्रज्ञाने हेग येथे स्थलांतराच्या वाटेवरच्या हजारो युरोपीय मैना पकडून विमानाने स्वित्झर्लंडला नेल्या व तेथे सोडल्या. 1958 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आधी प्रवास केलेल्या प्रौढ मैनांनी दिशा बदलून उत्तर फ्रान्स व इंग्लंडचा नेहमीचा मुक्काम गाठण्याचा प्रयत्न केला, तर पहिल्यांदाच निघालेली पिल्ले जणू हेगहूनच निघाल्यासारखी नैर्ऋत्येला उडत राहिली आणि दक्षिण फ्रान्स व स्पेनमध्ये पोहोचली. म्हणजे पिल्लाजवळ उपजत होकायंत्र असते, नकाशा मात्र नसतो. किती दिवस उडायचे याचा अंदाजही बराचसा उपजत असतो, कारण पिंजऱ्यात वाढवलेले वटवटे स्थलांतराच्या काळात जवळजवळ तितकेच दिवस रात्रभर फडफडत राहतात. मला स्वतःला ही गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते.

तालमीजवळचा:
आमच्या घरी तीन पिढ्या कबुतरे आहेत. कबुतराचे घरी परतणे हे स्थलांतर नव्हे, तरी होकायंत्र कोणते, या प्रश्नाला त्याचा उपयोग होईल. कीटन या अमेरिकी संशोधकाने कबुतरांच्या पाठीवर छोटे लोहचुंबक बांधून ती सोडली. ऊन असताना त्यांना घराची दिशा सापडे, पण आभाळ भरलेले असले की ती अनेकदा गोंधळत. सूर्य दिसतो तोवर सूर्य आणि तो झाकला की पृथ्वीचे चुंबकत्व, असा याचा अर्थ लावला गेला. आमच्याकडे ढगाळ दिवशी नवखी कबुतरे लांब नेऊन सोडत नाहीत. आजोबांचा तो नियमच होता.

रंकाळाकाठ:
रात्री उडणाऱ्या पक्ष्यांना ताऱ्यांचाही आधार असतो. एम्लेन यांनी कृत्रिम तारांगणात वाढवलेल्या पिल्लांना वेगळ्याच ताऱ्याभोवती फिरणारे आकाश दाखवले, तेव्हा त्यांनी त्या ताऱ्यालाच उत्तर मानले. म्हणजे ध्रुवतारा उपजत ठाऊक नसतो; आकाश कशाभोवती फिरते हे पिल्लू उडण्याआधी पाहून ठेवते. चुंबकत्व जाणवते ते डोळ्याच्या पडद्यातील क्रिप्टोक्रोम या प्रथिनामुळे असावे, असे बऱ्याच संशोधकांना वाटते, पण ते अजून पुरते सिद्ध झालेले नाही.

पन्हाळापायथा:
आपणा दोघांचा आभारी आहे. मग एकदा जाऊन आल्यावर त्याच्याजवळ नकाशाही तयार होत असेल. येत्या जूनमध्ये त्याच बोरीवर चातक दिसला, तर तो हाच हे ओळखता येईल का?

रंकाळाकाठ:
नुसत्या नजरेने नाही. त्यासाठी पायात क्रमांकाचे कडे असावे लागते, आणि ते परवानगी असलेल्या अभ्यासकांनीच घालायचे असते. आपण त्याच्या येण्याची तारीख आणि जागा मात्र दरवर्षी जरूर लिहून ठेवावी.