हातघडणीचे व्हायोलिन दुसऱ्या कारागिराच्या हाती द्यावे का?

प्रश्न (गज-तार, पुणे)

माझे व्हायोलिन गोव्यातील एका वयोवृद्ध कारागिराने माझ्यासाठी घडवलेले आहे. लाकडाला हात लावण्याआधी काकांनी मला समोर बसवून यमन वाजवायला लावला होता. मांडी घातल्यावर व्हायोलिनचे टोक उजव्या पायाच्या घोट्यावर कसे टेकते हे त्यांनी निरखून पाहिले आणि आपल्या पद्धतीने तारा उतरवून लावल्यावर त्यांवर किती ताण राहतो याचा अंदाज घेऊनच वरच्या फळीची जाडी ठरवली. तेव्हापासून ब्रिज (तारा टेकतात ती घोडी) असो, खुंटी असो किंवा साउंड पोस्ट (आतली उभी काठी), या वाद्याला त्यांच्याखेरीज कोणाचाही हात लागलेला नाही. आता त्यांचा हात थरथरतो आणि त्यांनी काम थांबवले आहे.

गेल्या काही आठवड्यांत तारा फिंगरबोर्डपासून (बोटांखालच्या पट्टीपासून) उंच झाल्या आहेत आणि तार सप्तकात मींड घेताना बोट अडते. येथील एका कारागिराने नेक, म्हणजे वाद्याची मान, खाली आल्याचे निदान केले. ती नव्याने बसवून देण्यास ते तयार आहेत. मात्र वाद्य उघडले की वरची फळी आतून थोडी तासून घ्यावी, म्हणजे आवाज मोठा होईल, असाही त्यांचा सल्ला आहे. दुरुस्ती आवश्यक आहे हे मला पटते, पण तासण्याच्या कल्पनेने मन धजत नाही. ही केवळ माझी भावना आहे की तिला काही आधार आहे?

उत्तर १ (सरस आणि पटाशी, मुंबई)

तुमच्या शंकेला भक्कम आधार आहे. व्हायोलिनची दुरुस्ती करणारा या नात्याने मी ही दोन्ही कामे पूर्णपणे वेगळी मानतो.

व्हायोलिन सरसाने जोडतात. ओलावा आणि ऊब मिळाली की सरस सुटतो, त्यामुळे नेक, फिंगरबोर्ड, अगदी वरची फळीसुद्धा लाकूड न दुखावता उघडता येते आणि पुन्हा चिकटवता येते. वाद्याची रचनाच अशी आहे की पुढच्या पिढीतील कारागिराला ते उघडता यावे. स्ट्रॅडिव्हरी या विख्यात इटालियन कारागिराच्या जवळजवळ सर्व व्हायोलिनांच्या नेक आणि आतले बेस बार (वरच्या फळीला आतून चिकटवलेली आधारपट्टी) पुढच्या काळात बदलले गेले. तरी ती त्याचीच मानली जातात, कारण फळ्या आणि त्यांची गोलाई त्याच्या हातची आहे.

तासलेले लाकूड मात्र परत येत नाही. स्प्रूस लाकडाची वरची फळी साधारण अडीच ते तीन मिलिमीटर जाडीची असते, म्हणजे अर्धा मिलिमीटर काढणे हीसुद्धा लहान गोष्ट नव्हे. पातळ केलेली फळी सुरुवातीला मोकळी आणि मोठी वाजते, पण पुढे आवाज पोकळ होण्याचा आणि ब्रिजखाली फळी बसण्याचा धोका राहतो. काकांनी तुमचे वादन ऐकून जी जाडी ठेवली, ती तशीच राहू द्यावी.

आणखी एक गोष्ट. आता पावसाळा आहे. दमट हवेत लाकूड फुगते, वरची फळी किंचित उचलली जाते आणि तिच्याबरोबर ब्रिजही वर जातो. तारा उंच होण्याचे कारण काही अंशी हेच असू शकेल. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की पुन्हा उंची मोजा आणि मगच नेकचा निर्णय घ्या. तोपर्यंत थोडा कमी उंचीचा दुसरा ब्रिज करून घ्यावा. काकांचा मूळ ब्रिज टाकू नका. त्याची गोलाई आणि पायांची बैठक हा नव्या कारागिरासाठी उत्तम नमुना आहे.

उत्तर २ (कृष्णाकाठ, मिरज)

आमच्याकडे तंबोऱ्याची जवारी काढताना, म्हणजे तारेचा गुंजारव जुळवण्यासाठी घोडी घासताना, हेच दिसते. कोणाला खुली जवारी लागते, कोणाला बंद, आणि गाणाऱ्याला काय हवे हे कारागिराला वर्षानुवर्षांच्या ओळखीतून ठाऊक असते. गाणारा येऊन बसतो, कारागीर घोडीवर कानस फिरवतो, तार छेडतो, गाणाऱ्याकडे पाहतो आणि मान हलली की थांबतो. त्या वेळी फारसे बोलणे होत नाही.

वडिलांचा हात थकला की मुलगा किंवा पुतण्या कानस हाती घेतो आणि वडील शेजारी बसून ऐकतात. काकांचा हात थरथरत असेल, कान तर शाबूत आहे. त्यांची प्रकृती साथ देत असेल तर नव्या कारागिराला त्यांच्याकडे घेऊन जा आणि काम त्यांच्यासमोर होऊ द्या. आपण घडवलेल्या वाद्याबद्दल त्यांना विचारले जावे, हा त्यांचा मान आहे.

उत्तर ३ (दूरदेशी श्रोता, जर्मनी)

जाडीचा विषय निघाला म्हणून विख्यात इटालियन वादक पागानिनीचे व्हायोलिन आठवले. ते ग्वार्नेरी देल जेझू या कारागिराने १७४३ मध्ये घडवले आणि दणदणीत आवाजामुळे त्याला ‘तोफ’ असे नाव पडले. त्याच्या फळ्या त्या काळच्या इतर व्हायोलिनांच्या मानाने चांगल्याच जाड आहेत. आवाज मोठा करायचा तर फळी पातळ करावी, या समजुतीला याहून चांगले उत्तर मला ठाऊक नाही.

हे वाद्य दुरुस्तीसाठी पॅरिसच्या व्हियोम या कारागिराकडे आले, तेव्हा त्याने मूळ लाकडाचे मोल जाणून ते जपले आणि आपली कारागिरी वेगळ्या प्रतिकृतीत दाखवली. ती प्रतिकृती पुढे पागानिनीचा शिष्य सिव्होरी याच्याकडे गेली आणि त्याने ती जन्मभर वाजवली. दोन्ही व्हायोलिने आज जेनोव्हा शहराच्या संग्रहात आहेत.

घडवणाऱ्याशी प्रत्यक्ष नाते असण्याचे भाग्य पागानिनीला लाभले नव्हते. देल जेझू त्याच्या जन्माआधीच वारला होता. तुम्हाला ते लाभले आहे. येथील ख्रिस्तियान टेट्झलाफ हे आघाडीचे वादक स्ट्रॅडिव्हरी सोडून श्टेफान-पेटर ग्राइनर या हयात कारागिराचे व्हायोलिन वाजवतात. वाद्याचा घडवणारा आपले वादन ऐकू शकतो, याचे मोल मला फार मोठे वाटते.

प्रश्नकर्ता (गज-तार)

सर्वांचा मनापासून आभारी आहे. काकांना आज दूरध्वनी केला. फळीबद्दल ऐकताच त्यांनी ठाम नकार दिला आणि नेकचे काम आपल्या ओसरीवर होणार असेल तर आपण बसून पाहू, असे सांगितले. येथील कारागीरही गोव्याला यायला तयार आहेत, मात्र फळी जाड आहे या मतावर ते ठाम आहेत. त्यांना काय सांगावे?

उत्तर (सरस आणि पटाशी)

त्यांना आधी मोजायला सांगा. वाद्य न उघडता जाडी मोजणारे चुंबकीय मापक मिळते; त्याचा लहान चुंबक आतल्या बाजूने टेकतो आणि बाहेरून आकडा वाचता येतो. ब्रिजच्या दोन्ही बाजूंना, एफ-छिद्रांजवळ आणि कडांपाशी मापे घेऊन ती कागदावर मांडा आणि काकांना दाखवा. नेकचे काम सुरू करण्यापूर्वी साउंड पोस्ट कोठे उभा आहे तेही मोजून ठेवा. तो चिकटवलेला नसतो, केवळ दाबावर उभा असतो, आणि सगळ्या तारा एकदम उतरवल्या की पडण्याची शक्यता असते.