नेटवर्क आणि नकाशा बघून फोन घेतलाय? कोल्हापूर जिल्ह्यातले अनुभव सांगा

मंडळी, दुकानात फोन घ्यायला गेलं की पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा, दुसरा रॅमचा. रेंज आणि लोकेशनचं फारसं कुणी विचारत नाही. आपल्या जिल्ह्यात मात्र नड तिथंच येते. राजारामपुरीत ५जी धावतं, कळे ओलांडून गगनबावड्याकडं निघालं की रेंजच्या काड्या कमी व्हायला लागतात, आणि कागलच्या पुढं गेलं की कर्नाटकातले टॉवर. म्हणून हा धागा. फोन कसला, सिम कुठलं आणि कुठल्या गावात, कुठल्या वाटेवर वापरला, हे तिन्ही सांगा. नुसतं "फोन एक नंबर आहे" म्हटल्यानं गारगोटीच्या माणसाला काही कळत नाही.

सुरुवात मी करतो. मी शेतीपंप दुरुस्त करतो, राधानगरी-भुदरगडात नदीकाठानं फिरतो. मोटर बहुतेक वेळा काठाखाली, खोलगट जागी. फोन घेण्याआधी मी कंपनीच्या साइटवरची बँडची यादी वाचून काढली. बँड म्हणजे फोन आणि टॉवर ज्या लहरींवर बोलतात तो पट्टा. ५जी सगळं एकसारखं नसतं. आपल्याकडचा मुख्य बँड एन७८, ३३०० मेगाहर्ट्झच्या वरचा. वेग जबर, पण डोंगर किंवा जाड भिंत आडवी आली की मार खातो. ७०० मेगाहर्ट्झचा बँड २८ लांब जातो, खोलात उतरतो. जिओचं ५जी याही बँडवर आहे आणि बीएसएनएलचं ४जीसुद्धा. फोनमध्ये तो बँडच नसेल तर टॉवर समोर दिसत असूनही फायदा नाही. त्यामुळं जिथं तुमचा जास्त वावर, तिथं कुणाचं सिम चालतं ते आधी विचारा. त्या सिमचे बँड फोनमध्ये आहेत का, ते नंतर बघा.

चिटबॉय (साखर कारखान्यासाठी उसाची नोंद घेणारा), करवीर तालुका

दादा, आमचं सगळं लोकेशनवरच. ऊस नोंदीला बांधावरून चालत प्लॉटला वेढा मारायचा, ॲप क्षेत्र काढून देतं. जुन्या फोनवर उंच उसाच्या कडेनं चाललं की रेघ शेजारच्याच्या रानात शिरायची. आता हिशोब बघा. दहा गुंठ्यांचा चौकोनी तुकडा म्हणजे एक बाजू साधारण ३२ मीटर. रेघ चारी बाजूंनी दोन-दोन मीटर बाहेर गेली तर बाजू ३६ मीटरची होते आणि क्षेत्र पावणेतीन गुंठ्यांनी वाढतं. दहा गुंठेवाल्याला हे कसं परवडायचं? बांधावरची भांडणं अशानंच लागतात.

म्हणून मी दुहेरी फ्रिक्वेन्सीचा, म्हणजे उपग्रहाचे दोन सिग्नल घेणारा फोन घेतला. जीपीएसचा जुना नागरी सिग्नल एल१, १५७५.४२ मेगाहर्ट्झवर. नवा एल५, ११७६.४५ वर. झाडाला, भिंतीला, कड्याला आपटून आलेला सिग्नल कुठला आणि उपग्रहाकडून सरळ आलेला कुठला, हे एल५ वर जास्त नीट वेगळं करता येतं. आता माझी रेघ बांधाला बरीच धरून चालते. माहितीपत्रकात नुसतं "जीपीएस" लिहिलं असेल तर थांबा, "एल१+एल५" लिहिलंय का बघा.

आपल्या इस्रोच्या नाविकचंही, म्हणजे जीपीएससारख्याच देशी यंत्रणेचंही विचारा. त्याचे उपग्रह भूस्थिर आणि भूसमकालिक कक्षांत आहेत, त्यामुळं आपल्याकडून ते आकाशात बऱ्यापैकी उंचावर दिसतात. दोन डोंगरांच्या मधल्या गावात क्षितिजालगतचे उपग्रह झाकले जातात, तिथं हे उपयोगी पडतात. नाविक आधी एल५ आणि एस बँडवरच होतं. २९ मे २०२३ ला गेलेल्या एनव्हीएस-०१ उपग्रहापासून एल१ वरही सिग्नल आला.

पन्हाळा-पावनखिंड वाटेवर नेहमी जाणारा

भावा, चिटबॉयदादांनी महत्त्वाचं सांगितलं. मी होकायंत्राची भर घालतो. स्वस्त फोनमध्ये मॅग्नेटोमीटर, म्हणजे दिशा ओळखणारा सेन्सर, गाळलेला असतो. मग नकाशावर तुमचा ठिपका दिसतो, पण तोंड कुठल्या दिशेला आहे ते चालल्याशिवाय कळत नाही. जुलैमध्ये मसाई पठारावर धुकं उतरलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, सगळीकडं सारखंच गवत आणि पाणी. तिथं उभ्या जागी दिशा कळायला हवी.

रेंज नसली तरी जीपीएस चालतं, हे अजून पुष्कळांना पटत नाही. उपग्रहाचा सिग्नल फोन थेट घेतो. इंटरनेटमुळं फक्त उपग्रहांच्या कक्षेची माहिती पटकन मिळते. ती नसेल तर फोन तीच माहिती उपग्रहांकडून हळूहळू उतरवून घेतो, म्हणून पहिला ठिपका यायला वेळ लागतो. पन्हाळ्यावर रेंज असतानाच लोकेशन पकडू द्या, मग पुढं निघा. गुगलच्या ऑफलाइन नकाशात पायी वाट मिळत नाही, फक्त गाडीची मिळते. ट्रेकला ऑसमअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स या नकाशाच्या ॲपवर भाग आधीच उतरवून ठेवा.

मंगळवार पेठेतून

आमचं घर जुनं, दगडी भिंतींचं. मधल्या खोलीत कुठल्याच सिमला रेंज नव्हती. व्हीओवायफाय, म्हणजे वायफायवरून कॉल चालणारा फोन घेतला, घरचं वायफाय जोडलं, आता सासूबाई देवघरात बसून मुलीशी बोलतात. फक्त तुमच्या मॉडेलवर तुमची सिम कंपनी ही सोय देते का, ते विचारून घ्या.

कोकणात माल नेणारा चालक

करूळ घाट रस्त्याच्या कामासाठी बंद होता तेव्हाची गोष्ट ध्यानात ठेवा. ऑफलाइन नकाशाला घाट बंद असल्याचं कळत नाही. गगनबावडा मागं टाकण्याआधी नेट असतानाच बघून घ्यायचं आणि घाटाखालून वर येणाऱ्या गाडीवाल्याला हात करून विचारायचं. फोनमध्ये जायरोस्कोप, म्हणजे फोन वळल्याचं ओळखणारा सेन्सर, असेल तर वळणावळणावर बाण भरकटत नाही, एवढा फरक मला स्पष्ट जाणवला.

निपाणीला रोज कामाला जाणारी

सीमा ओलांडल्यावर फोन लागतो पण नेट बंद, असं झालं तर सेटिंगमध्ये डेटा रोमिंग चालू करा. बऱ्याच फोनमध्ये ते मुळात बंदच असतं.

शिरोळ तालुक्यातून

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली, वीज गेलेली, आमच्याकडचं नेट दम तोडत होतं. साधा एसएमएस मात्र अधूनमधून जायचा. नकाशावर आपल्या जागी बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांशाचे आकडे येतात. तेवढेच आकडे आम्ही एसएमएसनं पाठवले आणि मदतीची होडी नेमक्या गल्लीत आली. घरातल्या प्रत्येकाला हे करून दाखवा, म्हाताऱ्या माणसांना तर आधी. आणि फोन घेताना बॅटरी मोठी बघा, पुरात चार्जिंग मिळत नाही.

एक प्रश्न: हे सगळं दुकानात तपासायचं कसं?

तोच मॉडेल वापरणारा ओळखीचा कुणी गाठा. त्याच्या फोनवर जीपीएसटेस्ट हे ॲप टाका आणि मोकळ्या आभाळाखाली उभे राहा. उपग्रहांच्या यादीत एल५ दिसतं का, नाविक दिसतं का, ते बघा. जागच्या जागी फिरा, होकायंत्र तुमच्याबरोबर वळलं पाहिजे. ओळखीचं कुणी नसेल तर गाव आणि मॉडेल इथं लिहा, त्या भागातलं कुणीतरी बघून सांगेल. आजरा आणि चंदगडकडचा अनुभव अजून आलेला नाही, तिकडच्यांनी जरूर लिहा.