देब्युसीला ‘इम्प्रेशनिस्ट’ म्हणणं आता थांबवायला हवं

खर्ज

युरोपीय कलेच्या इतिहासावरच्या पुस्तकांत एक तक्ता हमखास भेटतो. एका बाजूला चित्रकार, दुसऱ्या बाजूला संगीतकार, वर कालखंडाचं नाव: रेनेसाँ, बरोक, क्लासिकल, रोमँटिक, इम्प्रेशनिस्ट (वस्तूवरच्या बदलत्या उजेडाचा क्षणिक ठसा टिपणारे). चित्रकार मोनेसमोर फ्रेंच संगीतकार देब्युसी. या तक्त्यामुळे ऐकणाऱ्याचं नुकसान होतं, असं माझं ठाम मत आहे.

बरोकच घ्या. शिल्पकार बर्निनी 1680 साली वारला, संगीतकार बाख 1685 साली जन्मला, तरी दोघे एकाच खणात. बाख 1749 मध्ये बी मायनर मास या धार्मिक रचनेवर शेवटचा हात फिरवत होता, तेव्हा पॅरिसमध्ये चित्रकार बूशे रोकोको या नाजूक, सजावटी शैलीतल्या गुलाबी देवता रंगवून नावारूपाला आला होता.

क्लासिकलमध्ये तर पायाच वेगळा. पॉम्पेई या प्राचीन रोमन शहराचं उत्खनन 1748 साली सुरू झालं. चित्रकार-शिल्पकारांना प्राचीन नमुने डोळ्यांनी बघता येत होते. दाविदची ‘होराती बंधूंची शपथ’ (1784) त्या वातावरणातली. संगीतकार हायडनपुढे कोणता ग्रीक नमुना होता? ग्रीक संगीताचे मोजके तुकडे सोडले तर काहीच उरलं नव्हतं. त्याची सिंफनी आली ती इटालियन ऑपेराच्या सुरुवातीला वाजणाऱ्या रचनांमधून, मिन्युएटसारख्या नाचांमधून, आणि एस्टरहाझी या सरदार घराण्याच्या चाकरीत रोज हाताशी असलेल्या वाद्यवृंदातून.

आता देब्युसी. रोमहून त्याने पाठवलेल्या ‘प्रँताँ’ या रचनेवर 1887 मध्ये फ्रेंच कला अकादमीने ताशेरे ओढले, त्यात ‘इम्प्रेशनिस्ट’ हा शब्द त्याला पहिल्यांदा चिकटला. चित्रकारांनाही 1874 च्या त्यांच्या पहिल्या प्रदर्शनानंतर तो हिणवण्यासाठीच मिळाला होता. त्यांनी तो पुढे स्वतःहून मिरवला. देब्युसीने मात्र 1908 मध्ये प्रकाशक द्युराँला लिहिलेल्या पत्रात असं म्हणणाऱ्यांना सरळ मूर्ख ठरवलं. त्याची ऊठबस मालार्मेच्या मंगळवारच्या बैठकीत, म्हणजे प्रतीकवादी कवींत. ‘फॉन’ची, म्हणजे अर्धमानव वनदेवतेच्या दुपारवरची, वाद्यवृंदाची पूर्वरंग-रचना त्याच मालार्मेच्या कवितेवरची आहे. मग मोने कुठून आला?

जलरंग

अजिबात पटलं नाही. कलावंताला शिक्का आवडला नाही म्हणून तो चुकीचा ठरत नाही. तारखा तुम्हीच काढल्या आहेत, तर पुढच्याही बघू.

‘फॉन’ पहिल्यांदा वाजलं 22 डिसेंबर 1894 ला, पॅरिसमध्ये. मोने 1892 पासून रूआँच्या कॅथीड्रलचा तोच दर्शनी भाग वेगवेगळ्या प्रहरांच्या उजेडात रंगवत होता. त्यातली वीस चित्रं मे 1895 मध्ये चित्रविक्रेता द्युराँ-र्युएलच्या दालनात लागली, त्याच शहरात. आता ‘फॉन’ची सुरुवात कान देऊन ऐका. फ्लूट एकटाच, साथीला कोणी नाही. सी शार्प या स्वरावरून सुरावट घसरत जी पर्यंत उतरते आणि परत वर चढते. थोड्या वेळाने तीच सुरावट, त्याच सी शार्पवरून, पण आता खाली डी मेजर या स्वरमेळाचा पाया सरकवलेला. पुन्हा येते तेव्हा खाली ई मेजर. सुरावटीत फारसा फरक नाही आणि तरी प्रत्येक वेळी ती वेगळी ऐकू येते, कारण तिच्यावर पडणारा उजेड बदलला आहे. मोने दगडाच्या भिंतीचं हेच करत होता. मोनेचं पाहून देब्युसीने केलं असं मी म्हणत नाही. पण एकाच शहरात, एकाच दोन-तीन वर्षांत दोन माणसांना हीच गोष्ट करून बघावीशी वाटली, याला काहीतरी नाव द्यावंच लागेल ना?

आणि देब्युसीला चित्रांचं वावडं नव्हतं. ‘नॉक्टर्न्स’ या वाद्यरचनेच्या कल्पनेबद्दल त्याने 1894 मध्ये व्हायोलिनवादक इझायला कळवलं होतं की एकाच रंगाच्या छटांतून काय काय साधतं ते बघायचंय, चित्रकार फक्त करड्यात अभ्यास करतो तसं.

पेटीवाला

खर्ज यांच्याशी सहमत. वादापेक्षा हाताने वाजवून बघा. पेटीवर सा, रे, ग, तीव्र म, कोमल ध, कोमल नी आणि वरचा सा एवढंच घ्या. पंचम नाही, शुद्ध मध्यम नाही. सगळी अंतरं सारखी, त्यामुळे शुद्ध निषाद जसा षड्जाकडे ओढतो तशी ओढ कुठेच नाही. देब्युसीची ‘व्वाल’ ही पियानोरचना (1910 च्या प्रेल्यूड्स या संग्रहातली) मधला छोटा भाग वगळता जवळजवळ अख्खी याच सहा स्वरांत आहे, आणि खर्जात एक बी फ्लॅट सतत टोले देत राहतो. हे ब्रशच्या फटकाऱ्यांतून आलेलं नाही. सप्तकाशी केलेली झटापट आहे ती. शिवाय 1889 च्या पॅरिस प्रदर्शनात त्याने जावाचं गामेलान (घंटा-झांजांसारख्या वाद्यांचा वृंद) ऐकलं होतं आणि ते त्याच्या डोक्यातून कधी गेलं नाही. तक्त्यात जावाला खण आहे का?

जलरंग

@पेटीवाला, तुम्ही माझंच म्हणणं सांगताय. ओढ काढून टाकली की स्वर पुढे कुठे जायचंय याची काळजी सोडतो आणि आहे तिथे लकाकतो. मोने वस्तूची बाह्यरेषा काढून टाकतो तेव्हा दुसरं काय होतं?

पॅलेट

विचार, बैठका ठीक आहेत. पण पत्र्याची दाबता येणारी रंगाची नळी 1841 मध्ये आली नसती, कृत्रिम अल्ट्रामरीन निळा रंग स्वस्त झाला नसता, तर उघड्यावर बसून भरभर रंगवणं किती जणांना जमलं असतं? वाद्यवृंदातही तेच. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हॉर्नला व्हॉल्व्ह बसले आणि त्याला सगळे स्वर सहज वाजवता येऊ लागले. तक्ता करायचाच तर कारागिरांचा करा.

उत्तररात्र

खर्ज, ग्रीक संगीताचा नमुना नव्हता हे खरं, पण निष्कर्ष उलटा निघतो. फ्लॉरेन्सच्या विद्वानांना ग्रीक नाटक गाऊन सादर होत असावं असं वाटत होतं. ऐकायला काहीच नव्हतं, म्हणून त्यांनी ते कल्पनेने उभं केलं. पेरीचं ‘युरिडिची’ 1600 चं, माँतेव्हेर्दीचं ‘ऑर्फेओ’ मान्तोव्हामध्ये 1607 चं. ऑपेरा असा जन्मला. रेनेसाँची आसच ती, संगीतात उशिरा फळली इतकंच.

दुसरं उदाहरण तर समोरासमोरचं आहे. 2 जानेवारी 1911 ला म्युनिकमध्ये संगीतकार शोनबर्गच्या रचना वाजल्या, चित्रकार कांडिन्स्की श्रोत्यांत होता. त्यानंतर त्याने ‘इम्प्रेशन 3 (कॉन्सर्ट)’ रंगवलं: पियानोचा काळा आकार आणि त्याच्यावर लोटलेला प्रचंड पिवळा. मग शोनबर्गला पत्र लिहून ओळख करून घेतली. त्याच वर्षअखेरीच्या कांडिन्स्कीच्या ‘ब्लू रायडर’ गटाच्या प्रदर्शनात शोनबर्गने रंगवलेली चित्रंही टांगली होती. इथे तक्ता कोणी नंतर जुळवलेला नाही, त्या दोघांनीच जुळवला.

खर्ज

कांडिन्स्की-शोनबर्ग मला पूर्ण मान्य, कारण तिथे पत्र आहे, मैफल आहे, तारीख आहे. असं नातं दाखवता येतं तिथे जरूर दाखवा. जलरंग यांची फ्लूटची फोड सुंदर आहे, पण ती साम्य दाखवते, नातं नाही. ‘नॉक्टर्न्स’ हे नाव व्हिसलरच्या चित्रांवरून घेतलेलं मानतात. त्या व्हिसलरला 1874 च्या प्रदर्शनाचं आमंत्रण होतं आणि त्याने ते नाकारलं होतं! म्हणजे देब्युसीने चित्रकार निवडला, तोही गटाबाहेरचा.

शोनबर्गबद्दल मात्र एक सांगतो. 1920 च्या दशकात तो बारा स्वरांच्या नियमबद्ध पद्धतीकडे वळला आणि कांडिन्स्की बाऊहाउस या जर्मन कलाशाळेत वर्तुळं-त्रिकोणांकडे. तक्ता लगेच दोघांना पुन्हा शेजारी बसवेल. पण शोनबर्गपुढची अडचण निव्वळ संगीतातली होती. षड्जासारखा आधारस्वर सोडल्यावर त्याच्या रचना अगदी छोट्या होऊ लागल्या किंवा शब्दांच्या आधाराने उभ्या राहू लागल्या. मोठी वाद्यरचना कशावर तोलायची, हा त्याचा प्रश्न होता. असा प्रश्न कॅनव्हाससमोर उभ्या असलेल्या माणसाला कधी पडला असेल, हे जलरंग आणि उत्तररात्र यांनी मला दाखवून द्यावं.