अनुभव धागा: पोरं, पाऊस आणि नोंदवही

कंदीपेढा:
काल लेकीने (वय सहा) गॅलरीतल्या बाटलीत 41 मिमी पाऊस मोजला. बाहेर लख्ख ऊन. वरच्या काकूंनी कुंड्यांना पाणी घातलं होतं. पण वहीत लिहिलं ते लिहिलंच. "आपल्याकडे पडला ना?" खोडू देईना.

हसता हसता आमची वाईजवळची शाळा आठवली. चौथीत बाईंनी मैदानात काचेची बरणी आणि तिच्यावर तेलाचं मोठं नरसाळं ठेवलं होतं. रोज सकाळी साडेआठला पट्टी लावून मोजायचं, कारण हवामान खात्याची वेळ तीच. एकदा आत बेडकाचं पिल्लू. ते काढून मोजायचं की ठेवून, यावर वर्गात मतदान झालं. शेवटी बाईंनी "शेरा" असा रकाना आखला आणि लिहिलं, बेडूक 1. मला राग यायचा तो वेगळाच. तासाभरावर महाबळेश्वर बदाबदा भिजतंय आणि आमच्या बरणीचा तळ जेमतेम ओला! ढग डोंगरावरच रिकामे होऊन येतात, हे तिथेच कळलं.

तुमच्याही आठवणी टाका.

झेडपी_मास्तर:
नरसाळ्याचं तोंड बरणीपेक्षा मोठं होतं का? मग पट्टीवरचा आकडा फुगणार.

कंदीपेढा:
मोठं होतं 😐 म्हणजे चौथीचं अख्खं वर्ष बाद?

झेडपी_मास्तर:
बेडूक धरायचा, बाकी बाद.
पोरांसाठी सरळ अंगाची बाटली घ्या. वरचा भाग कापून तोच उलटा आत बसवा. तळ खालीवर असतो म्हणून खडे टाकून थोडं पाणी ओता, त्या पातळीला शून्याची रेघ. भिंतीपासून, झाडापासून लांब ठेवा, झाड जेवढं उंच त्याच्या दुप्पट तरी. गॅलरी चालत नाही.
माझ्या दुसरीतल्या एकाने सोमवारीच आठवडाभराचं हवामान भरलं होतं. विचारलं तर म्हणाला, "गुर्जी, पाऊसच हाय की रोज." चारच दिवस बरोबर आले. पण अंदाज म्हणून वाईट नाही.

रेवाचीआई:
कुकर लावलाय, पटकन लिहिते. रेवाचा प्रश्न, रात्री पडलेला पाऊस आजच्या तारखेत का? काल साडेआठपासून आज साडेआठपर्यंतचा तो आजचा, असं सांगितलं. तिला पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

गच्चीवरचा:
मिमी म्हणजे काय ते मुलाला कळेना. गच्चीवर फूटभर चौकोनी फरशी आहे, तिच्यावर एक मिमी पाऊस म्हणजे साधारण 93 मिली पाणी. कटिंगचा ग्लास घेऊन बसलो. दहा मिमीचं पाणी ओतता ओतता तांब्या संपला, मग तो गप्प झाला. नंतर 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिमी पडला होता म्हटल्यावर म्हणाला, "बाबा, एवढे ग्लास कुठून आणायचे?"

अंधेरी_लोकल:
त्या दिवशी मी कमरेएवढ्या पाण्यातून घरी आले. कुलाब्यात मात्र फक्त 73 की काहीतरी. एकच मुंबई!

आजी_ऑनलाइन:
आम्हाला कसली वही. मृगाचं वाहन काय आलंय ते पंचांगात बघायचं. म्हैस, बेडूक आलं की आजोबा खूश, गाढव आलं की सगळ्यांवर डाफरायचे. पावशा "पेरते व्हा" ओरडला की बियाणं काढायचं. मघांची म्हण इथे लिहिता येत नाही.

झेडपी_मास्तर:
लिहा ना आजी. पोरांना तेवढीच पाठ आहे.

आजी_ऑनलाइन:
नातसून वाचते हा धागा.

परदेशी_पोहे:
इकडे न्यू जर्सीत लेकाच्या बालवाडीत हवामानाचा तक्ता आहे, रोज एक मूल खिडकीतून बघून चित्र चिकटवतं. हा पठ्ठ्या पाऊस दिसला की सूर्य लावतो. बाईंनी मला बोलावलं. त्याला विचारलं तर म्हणे, पाऊस आला की आई खूश होते आणि भजी करते. आता बाईंना भजी काय ते समजावतेय.

रेवाचीआई:
कांद्याची का मुगाची?

परदेशी_पोहे:
कांद्याची. ओवा घालून.

रेवाचीआई:
शिट्ट्या किती झाल्या तेच विसरले. थांबा.

कंदीपेढा:
ताजी खबर. लेक वरच्या काकूंकडे जाऊन आली. उद्यापासून काकू साडेआठनंतर पाणी घालणार आहेत. आकडा परवाच्या तारखेत जाईल, हे तिला सांगायची हिंमत नाही.