माणसांची भीती आणि उदासी: आधी समुपदेशक की थेट डॉक्टर?

सड्यावरचा: गणपतीत चाकरमानी आले की घर भरतं आणि एखादा पोरगा आरतीला माळ्यावर जाऊन बसतो. घरचे 'लाजरा आहे' म्हणून सोडून देतात. पण सहा महिन्यांहून जास्त हेच चाललंय, त्यापायी कॉलेज, बाजार, नोकरी टळतेय, तर त्याला स्वभाव म्हणू नये. माझं मत, आधी समुपदेशक. डॉक्टरची गोळ्यांची चिठ्ठी हातात पडली की बोलणं राहूनच जातं.

खाडीपलीकडची: नाही पटलं. उदासी दोन आठवड्यांवर गेली, झोप-भूक उडाली, तर थेट मनोविकारतज्ज्ञ. मरणाचे विचार असतील तर त्याच दिवशी, आणि माणसाला एकटं सोडू नये. डॉक्टर थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिनही बघतात. थायरॉइड मंदावला तरी माणूस असाच गळून जातो. एसएसआरआय, म्हणजे उदासी-भीतीवर देतात त्या गोळ्यांचा गुण यायला ४ ते ६ आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ होते, कधी धडधड उलट वाढते, आणि नेमकी तेव्हाच लोक गोळी सोडून देतात. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवायची, मग डॉक्टरांना विचारून हळूहळू उतरवायची.

सड्यावरचा: मरणाच्या विचारांबद्दल वाद नाही. पण टाळायची सवय गोळीने मोडते का? सीबीटीत, म्हणजे विचार आणि सवयी बदलायच्या बोलण्याच्या उपचारात, भीतीच्या पायऱ्या पाडतात: दुकानात सुटे मागणं, एसटीत कंडक्टरला थांबा विचारणं, आरतीत मागे उभं राहणं, मग झांज हातात घेणं. भीती ओसरेपर्यंत तिथून हलायचं नाही. मध्येच पळालं तर 'पळालो म्हणून वाचलो' एवढंच डोक्यात बसतं. मोबाइलमध्ये मान घालून उभं राहणं हेही पळणंच.

बागायतदार: अहो, पण सीबीटीच्या १२ ते १६ बैठका, दर आठवड्याला! देवगडहून रत्नागिरी म्हणजे दिवस मोडला. आधी १४४१६ लावा. ही टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभागही आहे. तिथे गेलं म्हणजे भरती करतात असं नाही. माहिती गुप्त ठेवणं २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंधनकारक आहे. देवाला गाऱ्हाणं जरूर घाला, गोळी बंद करून नको.

खाडीपलीकडची: आणि समुपदेशकाची पाटी कुणीही लावतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ असेल तर आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी क्रमांक विचारा. 'लग्नापुरती' म्हणून मेडिकलमधून अल्प्राझोलाम ही भीती दाबणारी गोळी तर मुळीच आणू नका, सवय लागते.

सड्यावरचा: हे मान्य. क्रमाबद्दल मात्र मी हटत नाही.