गोधडीचं सामान: विकतच्याऐवजी घरातलं काय चालेल?

रंगीत_चिंध्या
शिवणकामातून उरलेले सुती तुकडे दोन मोठ्या पिशव्या भरून साठलेत. त्यांची एका माणसाला पुरेल अशी गोधडी करायची आहे. घरी साधं मशीन, कात्री, इस्त्री, टाचण्या आहेत. पैसे फक्त दोऱ्यावर घालणार, बाकी काहीही विकत घेणार नाही, हे आधीच सांगते. तुकडे एकसारखे कापायला साचा कशाचा करू? खुणा कशाने करू? आत काय भरू? आणि तिन्ही थर सरकू नयेत म्हणून तो चिकट स्प्रे मिळतो, त्याऐवजी काय? पाठीला जुनी चादर लावायचा विचार आहे.

कात्रीबहाद्दर
ताई, आधी गोल पात्याचा कटर, त्याखालची चटई आणि पारदर्शक पट्टी घ्या. मी हा संच आणल्यापासून कापडाला कात्री लावलेली नाही. चार थर एका दमात कापतो. खर्च एकदाच होतो.

रंगीत_चिंध्या
दादा, दोऱ्याखेरीज काही घेणार नाही असं वर लिहिलंय.

कात्रीबहाद्दर
वाचलं. तरी घ्याच.

पाठीचा_टाका
साच्याला जुन्या फायलीचं प्लास्टिकचं कव्हर किंवा एक्सरेची फिल्म घ्या. पुठ्ठा नको, पेन्सिल फिरून फिरून त्याच्या कडा झिजतात आणि शेवटचे चौकोन पहिल्यांपेक्षा लहान निघतात. साच्याच्या मागे बारीक पॉलिश पेपरचा तुकडा चिकटवा, कापडावर घसरणार नाही. आणि शिलाईचे पाव पाव इंच चारी बाजूंनी धरा. तयार चौकोन ४ इंचांचा हवा असेल तर साचा साडेचार इंचांचा.

उसवण_विशारद
खुणांना झिजून पातळ झालेला साबण. गडद कापडावर रेघ छान दिसते, धुतली की गेली. फक्त क्रीमवाला साबण घेऊ नका, तेलकट डाग पडतो. फिकट कापडावर साधी पेन्सिल, हलक्या हाताने.
इस्त्रीने पुसल्या जाणाऱ्या पेनच्या नादी मात्र लागू नका. माझ्या बहिणीने त्याने पूर्ण नक्षी आखली, इस्त्री फिरवली, सगळं साफ. गोधडी कडाक्याच्या थंडीच्या गावी भेट गेली आणि तिथे रेघा पुन्हा उमटल्या. ती शाई उष्णतेने दिसेनाशी होते, जात नाही.

हळूहळू
+१ साबण. मी तर म्हणेन, साबणच वापरा.

ऊबदार
आत जुनं ब्लँकेट घाला. माझ्या सगळ्या गोधड्यांत ब्लँकेटच आहे.

उसवण_विशारद
लोकरीचं असेल तर आटतं. वरचं कापड तेवढंच राहतं, आतलं आकसतं, मग सगळीकडे सुरकुत्या. आधी गरम पाण्यात धुऊन जेवढं आटायचं तेवढं आटवून घ्यावं.

ऊबदार
माझं आटलं नाही.

उसवण_विशारद
मग ते लोकरीचं नव्हतं.

ऊबदार
अहो, घरातलं ब्लँकेट कशाचं आहे ते मला माहीत असेल ना?

पाठीचा_टाका
तुमचं चालू द्या. ताई, फ्लॅनेलची विरलेली चादर सगळ्यात बरी. एक पुरत नसेल तर तुकडे जोडा, पण एकावर एक ठेवून नाही, उंचवटा येतो. कडेला कड भिडवून झिगझॅग टाका मारा. मशीनला झिगझॅग नसेल तर हाताने, सैल टाक्याने. टॉवेल नको. धुताना ओली गोधडी उचलवत नाही.

खळखळाट
स्प्रेऐवजी मैद्याची पातळ खळ. मी दरवेळी तीच लावतो. थर एकमेकांना धरून राहतात, सुईलाही त्रास नाही.

हळूहळू
खळीला झुरळं आणि कसर लागते. न धुता कपाटात ठेवली तर संपलंच.

खळखळाट
न धुता कोण ठेवतं?

हळूहळू
अर्धवट राहिलेली गोधडी कोण धुतं? माझी एक दोन वर्षं तशीच पडून आहे.

कात्रीबहाद्दर
अवांतर: कटरचं पातं बोथट झालं की अॅल्युमिनियम फॉइलची घडी कापा, धार येते. म्हणजे तोही खर्च नाही.

उसवण_विशारद
धार येत नाही. कडेला आलेला कीस निघतो, थोडे दिवस बरं वाटतं.

पाठीचा_टाका
सेफ्टी पिना घरात असतातच, चार चार बोटांवर लावा. कमी पडल्या तर लांब कच्चे टाके घाला. मधून सुरू करून कडेला जा, नाहीतर मध्ये फुगा राहतो. मशीनवर शिवतानाही तेच, टाका थोडा मोठा ठेवा. पाव इंचासाठी सुईपासून मोजून मशीनच्या पाटीवर मास्किंग टेपचे चार-पाच थर एकावर एक लावा, कापड त्या कडेला टेकवून सोडायचं.
आणि चादर घट्ट विणीची असेल तर हाताने शिवताना सुई जाता जात नाही. त्यापेक्षा ठिकठिकाणी जाड दोऱ्याच्या दुहेरी गाठी मारा.

हळूहळू
+१ गाठी. आणि साबण.

रंगीत_चिंध्या
सगळ्यांचे आभार. ठरलं. साचा करत नाही, खुणाही नाहीत. काठ कात्रीने टोचून कापड सरळ फाडणार आणि पट्ट्यांचीच गोधडी करणार. आत ब्लँकेट नाही, फ्लॅनेल नाही. खिडकीचा एक जाड पडदा पडून आहे, तो घालते. थर टाचण्यांनीच धरणार.

पाठीचा_टाका
टाचण्या पायात जातील. असो. फाडताना कडेचे धागे ओढले जातात आणि कड लहरते, म्हणून पट्टी अर्धा इंच जास्त रुंद धरा आणि इस्त्री करूनच शिवा. फाटतं ते धाग्याच्या रेषेत, त्यामुळे पट्टी सरळ येते हे खरं.

ऊबदार
पडदा?

उसवण_विशारद
ऊन अडवणारा पडदा असेल तर मागे रबरासारखा थर असतो. त्यावर गरम इस्त्री टेकवू नका, चिकटेल. आणि गोधडीत हवा खेळणार नाही.

रंगीत_चिंध्या
मागे पांढरं गुळगुळीत काहीतरी आहे खरं. बघते.