कामिनो: टाचेला मोठा फोड, उद्या २९ किमी. काय करू?

मंडळी, स्पेनमधल्या पालास दे रेइच्या आल्बेर्गेत (यात्रेकरूंची धर्मशाळा) खालच्या बंकवर पाय भिंतीला लावून टाइप करतेय, शुद्धलेखन चालवून घ्या.

आई (वय ६३) आणि मी कामिनोच्या यात्रेला सारियापासून सांतियागोला चालत निघालोय. कामिनोचा अख्खा फ्रेंच मार्ग ७८० किमीच्या आसपास, तेवढी रजा कोण देतंय! शेवटचे १०० किमी पायी केले तरी कोम्पोस्तेला (यात्रेचं प्रमाणपत्र) मिळतं, म्हणून सारिया.

काल पोर्तोमारिनला पोचेपर्यंत मजेत होते. धरणात जुनं गाव बुडालं तेव्हा तिथलं चर्च दगडांवर नंबर घालून वर हलवलं, ते बघायची घाई. पुलानंतरचा उंच दगडी जिना चढताना उजवी टाच चुरचुरली. तेव्हाच मोजा काढून बघायला हवं होतं. नाही बघितलं.

आज पहाटे धुक्यात निघालो. गोन्सारपर्यंत चढच चढ, वाटेत गोठे, शेणाचा वास. आई खूश, म्हणे गावाला आल्यासारखं वाटतंय. इथल्या खांबांवर उरलेलं अंतर तीन दशांश स्थळांपर्यंत लिहितात. लंगडणाऱ्याला मीटर मोजायला लावणं म्हणजे निव्वळ छळ! लिगोंदेनंतर टाच उचलून चालले, तर आता डावा गुडघाही कुरकुरतोय.

फोड दहाच्या नाण्याएवढा, पाणी भरलेला, फुटलेला नाही. औषधवाली म्हणते हात लावू नका, वरच्या बंकवरचे आजोबा म्हणतात सुईने दोरा ओवून ठेव. आईचंही मत दोरा. तिने दोनदा आळंदी-पंढरपूर केलंय, तिच्या जुन्या सँडलमध्ये एक ओरखडा नाही. मी मात्र महागाचे नवे बूट घेऊन आले.

तर फोड फोडू का? आणि उद्या २९ किमीवरचं अर्सुआ गाठायचं की १५ किमीवर मेलिदेला थांबायचं? थांबलो तर सांतियागोनंतर फिनिस्तेरेच्या समुद्रासाठी राखलेला दिवस जातो, आणि आईला तोच बघायचाय. सॅक गाडीने पाठवली तर चालतं ना? मला ते फसवल्यासारखं वाटतंय. आई म्हणते, दिंडीचं सामान काय आपण डोक्यावर नेतो? ट्रकच असतो की.

प्रतिसाद १
काकू बरोबर आहेत. सॅक खुशाल पाठवा, रात्रीच कळवून ठेवा. फक्त सरकारी आल्बेर्गे पाठवलेलं सामान घेत नाहीत, तेव्हा खासगी जागा बघा. स्वतः मात्र टॅक्सीत बसू नका, या १०० किमीत तेवढं पथ्य. क्रेदेन्सियालवर (यात्रेकरूच्या शिक्क्यांच्या पुस्तिकेवर) दिवसाला दोन शिक्के घ्या. मी असते तर मेलिदेला थांबले असते. समुद्र कुठे जात नाही, गुडघा जातो.

प्रतिसाद २
दोरा नको! आत राहिलेला दोरा म्हणजे जंतूंना वाट. दुखत नसेल तर फोडूच नका. बुटात दाबला जाऊन ठणकत असेल तर हात धुवून, निर्जंतुक सुईने कडेला छोटं भोक पाडा, पाणी काढा, वरची कातडी तशीच ठेवा, पट्टी लावा. लाली पसरली, पू झाला किंवा ताप आला तर चालणं बंद, थेट डॉक्टर. मधुमेह असेल तर घरी काहीच करू नका. आणि रोजच्या मापाचे बूट घेतलेत ना? दिवसभर चालून पाय सुजतात, एक नंबर मोठा लागतो.

धागाकर्ती
हो, रोजच्याच मापाचे. :(

मेलिदेहून लिहितेय. सुईने पाणी काढलं, सॅक गाडीने आली, मी आईच्या जादा सँडलमध्ये मोजे घालून पंधरा किमी चालले. ध्यान दिसत होतं, पण टाच शांत आहे. इथे जो तो ऑक्टोपस खायला येतो. आईने तो कात्रीने कचाकच कापून लाकडी ताटलीत पडताना बघितला आणि खुर्ची फिरवून बसली. तिच्यासाठी बटाट्याचं ऑम्लेट सांगितलंय. फिनिस्तेरेचं तिला अजून सांगितलेलं नाही. उद्या अर्सुआ, १४ किमी. तिथे कांदा-लसूण घातलेलं काही शाकाहारी गरम मिळतं का? सूप मागितलं की त्यात डुकराची चरबी निघते.